चार दिवस पाण्यात

१९ ऑक्टोबर

ही वही कॉलेजच्या वर्कशॉपची. पहिल्या सोळा पानांवर सरांच्या लाल सह्या होत्या. ती पानं फाडून चुलीत घातली. उरलेली माझी.

कॉलेज सोडून आज महिना झाला. मी सोडलं, मला काढलं नाही. गाव काय वाटेल ते बोलो. एक पोरगा कँटीनमध्ये आमच्या वर्गातल्या धनश्रीचं नाव घेऊन घाण बोलला, मी स्टीलचा जग उचलून त्याच्या तोंडावर हाणला. दोन दात गेले. प्राचार्य म्हणाले, वडिलांना घेऊन ये आणि माफीपत्र लिही. आप्पा त्या केबिनमध्ये टोपी हातात धरून उभे आहेत असं डोळ्यांपुढं आलं आणि डोकं सरकलं. आयकार्ड टेबलावर फेकलं आणि एसटी पकडली.

धनश्री गेटपाशी भेटली होती. म्हणाली, "तुला कोणी सांगितलं होतं मध्ये पडायला?" तिच्या डोळ्यांत पाणी होतं. जीव असल्याशिवाय कोणी असं रडत नाही. त्या दिवसापासून मोबाईलवर तिचा फोटो दिसत नाही, मेसेजला एकच टिक येते. घरच्यांनी फोन काढून घेतला असणार.

आमच्या ओट्यावरून मुळा धरणाचा फुगवटा दिसतो. पाण्यापलीकडं तिचं गाव. देवळाचा कळस, पाण्याची टाकी, टाकीच्या डाव्या हाताला निळ्या पत्र्याचं शेड. ते त्यांचं. सरळ दोन किलोमीटरसुद्धा नसेल. रस्त्यानं गेलं तर राहुरीवरून फेरा, दीड तास. मी रोज ओट्यावर बसतो. आई म्हणते, "कामधंदा न्हाई तर निदान पान्याकडं पाठ करून बस."

२६ ऑक्टोबर

आज आप्पांना विचारलं.

आमचे आप्पा सहादेव सुतार म्हणून पंचक्रोशीत माहीत आहेत, पण आता सुतारकीत राहिलंय काय? दारं दुकानातून तयार येतात, आप्पा बिजागऱ्या ठोकतात. बैलगाडी केली त्याला नऊ वर्षं झाली. शिंगणापूरला चौकटीचं काम मिळतं तेवढंच. तिथं दारं नसतातच, तेव्हा आप्पा म्हणतात, "निम्मंच काम, पर देवाच्या दारात."

"आप्पा, होडी करू."

"कसली?"

"शिडाची. बारा फुटी. पलीकडं माणसं नेता येतील. शनिवार-रविवारी फिरायला येणारे पण बसतील."

आप्पा हसले. "माज्या बापाचं रान खाल्लं या पान्यानं. त्यानं मरूस्तवर यात पाय धुतला न्हाई. घरात एकाला पवता येत न्हाई. आन तू होडी घालतो?"

"जमत नसेल तर तसं सांगा. मी दुसऱ्याकडून करून घेईन."

हे मी जरा जोरातच बोललो. आप्पा उठले. थोड्या वेळानं बघतो तर मागच्या शेडात जुनी दारं एकेक करून उन्हात काढत होते. पडलेल्या घरांची निंबाची दारं, लोकांनी जळणाला म्हणून दिलेली, आप्पांनी जाळली नव्हती. एका दारावर बोटानं टकटक केलं, कान लावला. "पन्नास वर्सं ऊन खाल्लंय यानं. खणखणीत हाय."

मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "पलीकडं कोन हाय तुजं?"

"कोणी नाही."

"बरं," म्हणाले, आणि कानावरची पेन्सिल काढली.

९ नोव्हेंबर

सांगाडा उभा राहिला. बाभळीच्या फासळ्या आणि सपाट तळ. आप्पांनी ओट्यावर खडूनं खऱ्या मापाची होडी काढली होती, ती ओलांडून आई चूल सारवायला जाते आणि प्रत्येक वेळी म्हणते, "उतरू द्या मला, माजं गाव आलं." आप्पा हसतात. आप्पांना इतकं हसताना मी शेवटचं कधी पाहिलं आठवत नाही. पहाटे उठून रंधा मारत असतात. बहीण मोनी अकरावीला आहे, सकाळच्या गाडीनं राहुरीला कॉलेजला जाते. तीसुद्धा जायच्या आधी खिळे सरळ करून ठेवते.

आज वाद झाला. तळाच्या फळ्यांमध्ये आप्पा केसाएवढी फट ठेवतात. मी म्हटलं, मोबाईलवर बघा, लोक कशा गच्च बसवतात.

"त्यांचं लाकूड त्यांना ठाव. गाडीचं नवं चाक केलं की काय करतो आपन?"

"नदीत टाकतो."

"किती दिस?"

"चार."

"का?"

लहानपणी पाठ करून घेतलंय हे. मी म्हटलं, "आरे फुगतात, चाकाच्या मधल्या तुंब्यात गच्च बसतात."

"कोरडं चाक रस्त्यावर घातलं तर माळ चढायच्या आत आरे सुटत्यात. हेबी तसंच. लाकडाला आधी पानी पाजायचं, मग काम सांगायचं. फट आपोआप मिटती. आधीच गच्च बसवलं तर फळीला फुगायला जागा कुटं? खिळं उपटून वर यील ती."

भीमाकाका बसले होते. धरणात मासे धरतात, आम्हाला होडीतलं जे काही कळतं ते त्यांच्यामुळं. त्यांनी मान हलवली. "कापूस आन डांबर भरा फटीत. आन चार दिस बुडवून ठेवा. माजी डोंगी उनाळ्यात वर काडली की मीबी तसंच करतो."

चार दिवस, चार दिवस. या घरात सगळं सावकाश.

२२ नोव्हेंबर

मोनीनं बातमी आणली. धनश्रीची चुलतबहीण तिच्या वर्गात आहे. १५ डिसेंबरला धनश्रीचा साखरपुडा. मुलगा पुण्याला कंपनीत.

मी हातातला रंधा भिंतीवर मारला. आजोबांचा रंधा होता. दांडीपासून चिरला.

आई शीड शिवत होती. साखरेची पांढरी पोती उसवून जोडलेली. तिनं मशीन थांबवलं आणि पुन्हा सुरू केलं. आप्पांनी रंध्याचे तुकडे उचलले, जुळवून पाहिले. "पातं शाबूत हाय," एवढंच म्हणाले.

संध्याकाळी मोनीला बाजूला घेऊन विचारलं, धनश्री काही बोलली का माझ्याबद्दल, त्या बहिणीजवळ?

मोनी म्हणाली, "दादा, तिनं मुलगा स्वतः पसंत केलाय."

"तुला कोणी सांगितलं?"

"तिच्या बहिणीनंच."

पोरींना काय कळतं. घरच्यांपुढं कोणतीही मुलगी असंच सांगते. तिला वाटत असेल की मी हरलो, घरी बसलो. तिला एकदा दिसायला पाहिजे. साखरपुड्याच्या आदल्या दिवशी माझी होडी तिच्या गावच्या काठाला लागेल, आप्पा-आई बरोबर असतील, आणि तिथंच आप्पांना पुढं करून तिच्या वडिलांना विचारायचं. आप्पांना हे आत्ता सांगायचं नाही. सांगितलं तर येणार नाहीत.

७ डिसेंबर

होडी झाली. खरंच होडीसारखी दिसते. आप्पा चार वेळा भोवती फिरले.

शिंगणापूरहून निरोप आला, एका दुकानाच्या सहा चौकटी बसवायच्या आहेत, चार दिवसांचं काम. आप्पा उद्या सकाळी जाणार. आज दुपारी भीमाकाका, मी, मोनी आणि आप्पा, चौघांनी होडी ओढत काठाला नेली आणि गुडघाभर पाण्यात दगड भरून बुडवली. तळातून पाणी कारंज्यासारखं आलं. आप्पा खूश होते. "पी बाबा, पी."

काठावरून निघताना मला म्हणाले, "मी यीस्तवर बाहेर काडायची न्हाई. कितीबी गळू दे, कुनीबी काईबी म्हनू दे."

९ डिसेंबर

गावातला राधाकृष्ण ट्रॅक्टर घेऊन काठावर आला होता, बरोबर पारावरचे तिघे-चौघे. पाण्याबाहेर होडीचं नुसतं टोक दिसत होतं.

"आम्या, ही व्हय तुजी होडी? घाटावरच बुडाली का रं?"

"कॉलेजपन असंच घाटावर बुडालं त्याचं," दुसरा म्हणाला.

सगळे हसले. राधाकृष्णनं फोटो काढला आणि तिथंच गावाच्या ग्रुपवर टाकला. 'टायटॅनिक, मुळा धरण.' त्या ग्रुपवर पलीकडच्या गावचेही लोक आहेत. तिच्या घरातही कोणीतरी बघितलं असणार.

मी राधाकृष्णला म्हटलं, लाव तुझा ट्रॅक्टर, आत्ता बाहेर काढतो आणि दाखवतो. त्यानं लावला. मोनी धावत आली. "दादा, आप्पांनी सांगितलंय!" मी दगड बाहेर फेकत होतो. तिनं हात धरला, मी झटकला, ती चिखलात बसली.

दीड दिवस झाला होता पाण्यात. पुष्कळ झाला.

ओल्या लाकडावर ऑइलपेंट धरत नाही, फोड येतात. म्हणून होडी शेडापाशी आणून उन्हात उलटी घातली. उद्या संध्याकाळपर्यंत वाळेल. फटी पुन्हा दिसायला लागल्या तर दारांच्या भेगांत पुट्टीसारखी भरतो ती लांबी भरीन, ती दगडासारखी होते. त्यावर निळा रंग. आईला सांगितलं, आप्पांचा फोन आला होता, काढा म्हणाले. मोनीला म्हटलं, तोंड उघडलंस तर मी या घरात राहणार नाही, समजलं? तिनं मान हलवली.

१२ डिसेंबर

आप्पा आले. बूटसुद्धा न काढता शेडाकडं गेले. निळी होडी उन्हात चमकत होती. टोकावर पांढऱ्या अक्षरांत 'धनश्री'. आईला मी सांगितलंय की देवीचं नाव आहे. आईनं हळदकुंकू वाहिलंसुद्धा.

"कवा काडली?"

"काल सकाळी. तीन दिवस होती. आज रंगवली." खरं तर कालच दुपारी रंगवली होती.

आप्पांनी तळावरून तळहात फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. बोटानं दोनदा वाजवलं. माझ्याकडं बघितलं. मग म्हणाले, "रंग चांगलाच बसलाय."

मला बरं वाटलं. आप्पा कशाचं कौतुक सहसा करत नाहीत.

जेवताना मात्र त्यांनी नाट लावलाच. "अजून आठ दिस थांबू. परत बुडवू."

"परवा जायचंय."

"परवाच का?"

"परवा म्हणजे परवा. तुम्ही कोणी येऊ नका. मी एकटा जाईन. पहाटे उठून जाईन, तुम्हाला कळणारसुद्धा नाही."

आई म्हणाली, "काय बाई तोंड हाय हे!" मोनी ताटावरून उठली. आप्पांनी हातातला भाकरीचा तुकडा ताटात ठेवला.

"एकटा न्हाई जायचं," म्हणाले. "मी येतो."

म्हणजे कबूल. त्यांनाही मनातून हौस आहेच.

१४ डिसेंबर, सकाळी सात

वारा चांगला आहे. पलीकडं निळ्या शेडापुढं मांडवाचे खांब उभे राहिलेत, इथून दिसतात. पांढरा शर्ट घातलाय. आई नवी साडी नेसून, नारळ, गूळखोबरं घेऊन नटून बसलीय. आप्पा कशासाठी कोणास ठाऊक, पहाटेपासून भीमाकाकांकडं बसलेत. आल्यावर निघू.

आज रात्री लिहायला पुष्कळ असेल.

२९ डिसेंबर

आप्पा गेले.

पंधरा दिवस वही उघडली नाही. जसं झालं तसं लिहितो.

भीमाकाकांकडून आप्पा ट्रॅक्टरची फुगवलेली ट्यूब आणि कडीचा डबा घेऊन आले. आई आणि मोनी होडीत चढायला लागल्या. आप्पांनी हात आडवा केला. "पयली फेरी आमी बापलेक. तुमी दुसरीला."

आई म्हणाली, "अवो, साडी नेसले मी एवडी!"

"दुसरीला, म्हनलं ना."

मला राग आला. आईशिवाय सोयरिकीचं बोलणं कसं होणार? पण बोललो नाही. आईनं होडीच्या टोकावर नारळ फोडला, पाणी 'धनश्री'वरून ओघळलं. आप्पांनी ट्यूब माझ्यापुढं धरली. "कमरंला घाल."

"काय आप्पा, लहान आहे का मी? लोक बघतायत."

त्यांनी ती पायाशी ठेवली.

शीड भरलं. मी सांगतो, ते खरंच भरलं आणि होडी अशी सुटली की काठावर मोनीनं टाळ्या वाजवल्या. आप्पांनी शिडाकडं मान वर करून बघितलं. "चालती की रं," म्हणाले. डोळे बारीक करून हसत होते. हे मी खोटं लिहीत नाही. काही वेळ सगळं छान होतं.

निम्म्या वाटेत घोट्याला गार लागलं. बघतो तर लांबीचे तुकडे, बोटाएवढाले, पाण्यावर तरंगत होते आणि फटींतून धारा येत होत्या. आप्पा आधीच डब्यानं पाणी काढत होते. कधीपासून काढत होते मला माहीत नाही. मी पुढं बघत होतो.

"अमृत, फिरव."

मांडवात माणसं दिसत होती. लाल, पिवळ्या साड्या. "थोडंच राहिलंय आप्पा."

"फिरव बाळा."

बाळा असं ते मला कधी म्हणत नाहीत. तरी मी आणखी तेवढंच अंतर जाऊ दिलं. मग पाणी पिंढरीला लागलं आणि मी घाबरलो, आणि घाबरून एकदम सुकाणू ओढलं. शीड फडफडून या अंगावरून त्या अंगावर आलं, आतलं सगळं पाणी एका बाजूला धावलं, आणि आम्ही पाण्यात होतो.

ट्यूब माझ्या छातीवर आली. ती आपोआप आली नाही. कोणीतरी ढकलली. मी तिला मिठी मारली. आप्पांची टोपी माझ्याजवळ होती, आप्पा नव्हते. भीमाकाका इकडच्या काठावर डोंगी तयार ठेवूनच उभे होते. आले तोवर मला हाका मारता येत नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी आप्पा सापडले.

हवालदारानं जबाब घेतला. मी सांगितलं, वारा एकदम फिरला. त्यांनी लिहिलं, मी सही केली. गावातही सगळे तेच म्हणतात. आईसुद्धा भेटायला येणाऱ्यांना सांगते, "वाऱ्यानं नेलं." मी तिथंच बसलेला असतो.

४ जानेवारी

धनश्री वडिलांबरोबर भेटायला आली. आईजवळ बसली. जाताना ओट्यावर थांबली, मला वाटलं आता काहीतरी बोलेल.

"होडीवर माझं नाव का घातलंस?"

मी पाण्याकडं बघितलं.

"पुण्याचे लोक विचारतात, हा कोण. बाबा सांगतात, ओळखीचा नाही. कोणी विश्वास ठेवत नाही. साखरपुडा पुढं ढकलला त्यांनी. मी कधी तुला काही बोलले होते का, अमृत? एकदा तरी?"

मी आठवून बघितलं. जर्नल दिलं होतं तिनं एकदा. पावसात छत्री. गेटपाशी रडली होती.

"नाही," मी म्हटलं.

"मग?"

साखरपुडा लांबला हे ऐकून मला पोटात कुठंतरी बरं वाटलं होतं. आप्पांना जाऊन एकवीस दिवस झालेत आणि मला बरं वाटलं. हे कोणाला सांगता येणार नाही म्हणून इथं लिहितो. ती पायऱ्या उतरून गेली, वडिलांनी तिच्यासाठी गाडीचं दार उघडून धरलं होतं. मी आत आलो. आईनं विचारलं, "ही कोन रं? देवीच्या नावाची?"

१३ जानेवारी

भीमाकाकांनी होडी पाण्यातून ओढत आणून काठाला बांधली आहे. महिनाभर उलटी पाण्यात होती. आज मला हाक मारून नेलं.

"बस आत."

"नको."

"बस म्हनतो."

बसलो. त्यांनी ढकलली. गळाभर पाण्यापर्यंत नेली, दोरी हातात धरून उभे राहिले. मी तळाकडं बघत होतो. थेंब आला नाही. फळ्या अशा मिटल्या होत्या की मधून नख जात नव्हतं. लांबी सगळी गळून गेली होती, तिची गरजच नव्हती.

काकांनी दोरी ओढून मला काठाला घेतलं. शिवी देतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "सहादेवचा हात हुता. असं काम आता कोन करनार न्हाई." आणि डोळे पुसत डोंगीकडं गेले.



२१ जानेवारी

मोनी कॉलेजला जात नाही. चतकोर भाकरी खाते, तीही आईनं समोर बसून भरवली तर. आई म्हणते, पोरीनं धसका घेतला, शिंगणापूरला नेऊन आणू, तेल घालू. मला वाटलं होतं, ती माझ्यावर रागावलीय म्हणून बोलत नाही. रागावू दे.

आज शेडात गेलो तर ती वाळक्या फळ्यांच्या ढिगावर बसली होती. तोंड एवढंसं झालंय.

"दादा, मी आप्पांना फोन लावला होता. ९ तारखेला. रिंग वाजली. मग तू म्हणालेलास ते आठवलं, की तू घर सोडशील. मी कट केला."

मी ढिगातली एक फळी सरळ केली.

"त्यांनी उलटा फोन केला. मी म्हटलं, चुकून लागला."

"मोनी—"

"मीच मारलं ना त्यांना?"

मला ओरडावंसं वाटलं. ज्याच्यावर ओरडायचं असा कोणी शेडात नव्हता. मी म्हटलं, येडी का तू, वाऱ्यानं—

"वारा नको म्हणू." ती उभी राहिली. "उद्या सकाळी तू आईला सांग. न्हाईतर मी सांगते. पर मी माझं सांगीन, तुझं न्हाई. आई मला जबाबदार धरील. धरू दे."

आणि ती तसं करील. त्या पोरीत आप्पांचा हट्ट आहे.

२२ जानेवारी

सांगितलं.

आई ओट्यावर बाजरी निवडत होती. मी खाली बसलो. सगळं सांगितलं, राधाकृष्णच्या फोटोपासून. दीड दिवस, ऊन, लांबी, रंग. आप्पांना काय खोटं सांगितलं ते. हवालदाराला काय सांगितलं ते. मोनीला धमकावलं, तिच्या तोंडाला कुलूप घातलं, तिचा काही दोष नाही, हे दोनदा सांगितलं. नाव देवीचं नव्हतं, हेही.

आईचे हात थांबले नाहीत. खडे एका बाजूला, बाजरी एका बाजूला. मला वाटलं तिला ऐकू गेलं नाही. मग तिनं सूप खाली ठेवलं.

"तीन दिस बुडवली हुती म्हनून सांगितलंस त्यांना?"

"हो."

"आन त्यांनी हात लावून बगितली?"

"हो."

ती विचार करत राहिली. एखादा हिशोब लागत नाही तशी.

"मग ते बसलेच कशाला तीत?" ती म्हणाली. "त्यांना लाकूड कळत न्हवतं व्हय?"

ती खरंच विचारत होती. या घरात आता तिला ते सांगणारा मी एकटाच होतो. रंग चांगलाच बसलाय. पयली फेरी आमी बापलेक. भीमाकाका डोंगी घेऊन उभे. हे सगळं याच वहीत माझ्याच हातानं लिहिलंय, आणि आज आईच्या तोंडाकडं बघेपर्यंत मला ते वाचता आलं नव्हतं.

"कळत हुतं, आई," मी म्हटलं.

आई माझ्याकडं बघत राहिली. मारील असं वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती भिंतीच्या आधारानं उठली, आणि पहिल्यांदाच म्हातारी दिसली. चुलीपाशी जाऊन तिनं तवा ठेवला. मग आतूनच हाक मारली, "मोने, ये जेवायला. तुज्यावर काय न्हाई, ये."

तिनं ताटं दोनच मांडली.

मी उंबऱ्याबाहेर उभा होतो. मोनीनं एकदा माझ्याकडं बघितलं, मग मान खाली घालून खायला लागली. एक भाकरी खाल्ली, वर अर्धी मागून घेतली. एवढं बघितलं आणि शर्ट घालून हवालदाराला भेटायला निघालो. फाट्यावर गाडीची वाट बघत हे लिहितोय.

गाडी आली.